पाळी, प्रवास आणि तालीम : ओझरच्या विमान-तंत्रज्ञाचे वर्ष

नाशिकहून आग्र्याकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे २० किलोमीटरवर असलेले निफाड तालुक्यातील ओझर हे मुळात बाणगंगेकाठचे शेतीचे गाव. १९६२मध्ये भारताने मिग-२१ हे लढाऊ विमान सोव्हिएत संघाच्या साहाय्याने देशात बनवण्याचे ठरवले, त्या कामाची वाटणी होऊन इंजिने ओडिशातील कोरापुटकडे, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादकडे आणि विमानाचा सांगाडा, म्हणजे धड, पंख व शेपटी, ओझरकडे आली. यशवंतराव चव्हाण त्या काळात संरक्षणमंत्री होते आणि १९६३मध्ये नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते, ही गोष्ट या भागात आजही आपुलकीने सांगितली जाते. १९६४मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड, म्हणजे एचएएल, स्थापन झाली. कारखान्यासोबत धावपट्टी आली, वसाहत आली, आणि पुढे हवाई दलाचा ११ क्रमांकाचा दुरुस्ती तळही येथेच आला. गेल्या साठ वर्षांत मिग-२१, मिग-२७ आणि २००४पासून सुखोई-३० एमकेआय अशी विमाने या जागी तयार झाली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी येथे जुळवलेल्या पहिल्या तेजस एमके-१ए विमानाने उड्डाण केले.

या कारखान्यातील तंत्रज्ञाच्या दिवसाचा स्वभाव कळावा म्हणून ‘लॉकवायर’ या एका साध्या वस्तूकडे पाहावे. विमानातील कंपनांमुळे बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून त्यांच्या डोक्यांना आरपार भोके पाडलेली असतात, त्यांतून पोलादाची बारीक तार ओवून, तिला ठरावीक पीळ देऊन दोन बोल्ट एकमेकांशी बांधले जातात, आणि तारेची ओढ नेहमी बोल्ट घट्ट होण्याच्या दिशेनेच असावी लागते; दिशा चुकली तर काम दिसायला नीटनेटके असूनही निरुपयोगी ठरते. काम करणारा सही करतो, तपासनीस स्वतंत्रपणे पाहून आपला शिक्का उमटवतो, आणि पाळी संपताना हत्यारांच्या फळ्यावरचे प्रत्येक हत्यार आपापल्या आकृतीवर परत आले आहे की नाही हे मोजले जाते, कारण विमानात राहून गेलेला एखादा पानाही उड्डाणात प्राणघातक ठरू शकतो. असे काम मनातून घरी नेता येत नाही आणि अर्धवट मनाने करताही येत नाही. म्हणूनच पाळीबाहेरच्या वेळेला येथे फार किंमत आहे.

प्रवास हा या नोकरीचा दुसरा पैलू. विमान हवाई दलाकडे सोपवले म्हणून कारखान्याची जबाबदारी संपत नाही. पुणे, बरेली, तेजपूर, जोधपूर अशा ठिकाणी सुखोईच्या तुकड्या असतात, आणि तेथे दोष शोधण्यासाठी किंवा बदल करून देण्यासाठी तंत्रज्ञांना जावे लागते. मिगच्या काळात प्रशिक्षणासाठी सोव्हिएत संघात जाणे घडे, सुखोईमुळे रशियाशी तसाच संबंध राहिला. अशा दौऱ्यांत घरची सारी व्यवस्था मागे राहिलेल्यांवर पडते, आणि वसाहतीतला शेजार, म्हणजे मुलांना शाळेत सोडणारी समोरची काकू किंवा रात्री दवाखान्यात नेणारा वरच्या मजल्यावरचा सहकारी, हा त्या व्यवस्थेचा खरा आधार असतो. तंत्रज्ञाच्या प्रवासाचे श्रेय त्याच्या एकट्याचे नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

काम आणि आवड यांचा मेळ रोजच्या तासांत बसवायचा असतो, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. ओझरमध्ये मात्र तो वर्षाच्या हिशोबाने बसतो, आणि हेच येथील जीवनाचे वैशिष्ट्य आहे. मार्चअखेरीस आर्थिक वर्षाचे उद्दिष्ट गाठण्याची घाई असते, तेव्हा नाटक, गाणे, भटकंती सारे बाजूला पडते. निफाड हा द्राक्षांचा तालुका असल्यामुळे ज्यांची घरची बाग आहे, त्यांची सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी बार छाटणीसाठी, म्हणजे फळ धरण्यासाठी केल्या जाणाऱ्या छाटणीसाठी, रजेची धडपड सुरू होते. त्यापाठोपाठ हौशी नाट्यस्पर्धांचा हंगाम येतो, आणि मार्गशीर्षात चंपाषष्ठीला ओझरच्या खंडेराव महाराजांची यात्रा भरते, जिच्यात बारागाड्या ओढण्याच्या वेळी गावकरी आणि वसाहतवाले एकाच गर्दीत असतात.

नाटकाबद्दल थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात राज्य नाट्य स्पर्धा १९५४पासून होत आली आहे, कामगार कल्याण मंडळाच्याही स्पर्धा असतात, आणि या दोहोंनी गिरणीपासून विमान कारखान्यापर्यंतच्या कामगारांना रंगमंच दिला. ओझरच्या कर्मचाऱ्यांनाही या परंपरेचा वारसा आहे, आणि नाशिकचे परशुराम साईखेडकर नाट्यगृह व १८४०मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय ही त्यांच्या आवाक्यातली ठिकाणे आहेत. अडचण तालमीची असते : नायक दुसऱ्या पाळीत, दिग्दर्शक पहिल्या पाळीत, आणि प्रकाशयोजना सांभाळणारा ऐनवेळी तेजपूरला. मग संवाद फोनवर पाठ होतात, एकाच्या जागी दुसरा उभा राहून हालचाली बसवतो, आणि कारखान्यात अंगवळणी पडलेली नोंद ठेवण्याची सवय नेपथ्याच्या यादीत कामी येते. विज्ञान आणि साहित्य या दोन बाजूंमध्ये येथे दरी पडलेली नाही. २०२१च्या डिसेंबरमध्ये खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर अध्यक्ष असलेले ९४वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, ते ओझरहून नाशिकला जातानाच्या वाटेवरील आडगावात.

अलीकडे अनेक तरुण तंत्रज्ञ नाशिक शहरात घर घेतात आणि रोज ये-जा करतात. शहरात घर झाल्याने मुलांच्या शिक्षणाची व जोडीदाराच्या नोकरीची सोय होते, परंतु पाळी सुटताच सारे महामार्गाला लागल्यावर संध्याकाळच्या तालमीला माणसे कोठून जमवायची, हा प्रश्न उभा राहतो. तेजसच्या उत्पादनाने कामाचा वेग वाढणार आहे, म्हणून दौऱ्यांची आणि पाळ्यांची आखणी करताना स्पर्धेचे व चंपाषष्ठीचे आठवडे शक्य तितके मोकळे ठेवण्याचा विचार आताच व्हायला हवा.