वस्तू घडते, पण कुणासाठी?

आपल्या स्वयंपाकघरातील एखादी साधी वस्तू हातात घेऊन तिच्याकडे नीट पाहा. बटाट्याची साल काढायचे सोलाणे असो, लोणच्याच्या बरणीचे झाकण असो, किंवा शेगडीचे बटण असो. ही वस्तू घडविणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणाचा हात होता, असा प्रश्न आपणास कधी पडला आहे काय? संधिवाताने बोटे आखडलेल्या आजींना ते झाकण फिरवता येत नाही. मोतीबिंदूमुळे आजोबांना बटणावरील खूण दिसत नाही. घरोघरी अशा वेळी दोष माणसाच्या माथी मारला जातो. "आता वय झाले," असे म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुतः ते झाकण आजींचा विचार न करता घडले, एवढाच त्याचा अर्थ असतो.

मोठ्या उद्योगांत वस्तू कोणासाठी करावी, तिने कोणते काम करावे, तिची किंमत काय असावी आणि ती कोणकोणत्या देशांत विकावी, हे ठरविणारा एक स्वतंत्र अधिकारी आज असतो. त्याला 'प्रॉडक्ट मॅनेजर' म्हणतात. आराखडा काढणारे, संशोधन करणारे आणि विक्री पाहणारे यांना एका दिशेने नेणे हे त्याचे काम. त्याच्या मनातील ग्राहक जर सदैव तरुण, सशक्त, डोळस आणि पुरुष असाच असेल, तर उरलेले सारे जग त्या वस्तूच्या बाहेर राहते. ही उणीव ओळखून ती दूर करण्याचे काम गेल्या चार-पाच दशकांत देशोदेशीच्या काही स्त्रियांनी केले. पदाचे नाव प्रत्येकीचे वेगळे होते. कोणी आराखडा काढणारी, कोणी शास्त्रज्ञ, कोणी कंपनीची प्रमुख. परंतु 'वस्तू कुणासाठी?' हा प्रश्न प्रत्येकीने विचारला.

सव्वीस वर्षांची वृद्धा

1970 ते 1980 या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क येथे रेमंड लोवी या विख्यात रचनाकाराच्या कार्यालयात पॅट्रिशिया मूर ही तरुणी काम करीत होती. शीतकपाटाच्या दाराविषयी चर्चा चालू असता तिने विचारले की, संधिवात झालेल्या माणसाला हे दार सहज उघडता येईल काय? आपण अशा लोकांसाठी वस्तू करीत नाही, असे तिला उत्तर मिळाले.

मूर यांनी वाद घातला नाही. त्यांनी वृद्धत्वाचाच अनुभव घेण्याचे ठरविले. 1979 मध्ये, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी चेहऱ्यावर सुरकुत्यांचा लेप चढविला, दृष्टी अंधुक करणारे चष्मे लावले, कानांत मेण घातले आणि सांधे वाकू नयेत म्हणून हातापायांना पट्ट्या बांधल्या. या वेषात त्या 1982 पर्यंत अमेरिका आणि कॅनडा येथील शंभराहून अधिक शहरांत हिंडल्या. दुकानांत गेल्या, बसमध्ये चढल्या, जड दारे ढकलली. कोठे दयाळू माणसे भेटली, कोठे उपेक्षा वाट्यास आली. एकदा तर गुंड मुलांच्या टोळीने त्यांना मारहाण केली. या साऱ्या अनुभवातून त्यांनी जो धडा घेतला, तो पुढे अनेक उद्योगांच्या उपयोगी पडला. माणूस पुष्कळदा वयापेक्षा वस्तूमुळेच अधिक पांगळा होतो, हा तो धडा.

याच विचाराचे एक गोड फळ 1990 मध्ये अमेरिकेच्या बाजारात आले. बेट्सी फार्बर या वास्तुरचनाकार स्त्रीला संधिवात होता आणि सोलाणे धरताना तिचा हात दुखे. तिचे पती सॅम फार्बर हे स्वयंपाकाच्या भांड्यांच्या व्यवसायात मुरलेले होते. या दांपत्याने जाड, मऊ रबरी मुठीची साधने करविली आणि 'ऑक्सो' या नावाने ती विकावयास काढली. साध्या सोलाण्यापेक्षा त्यांची किंमत अधिक होती, तरी ती खपली. कारण उघड आहे. जी मूठ दुखऱ्या हाताला सोसते, ती ओल्या, घाईच्या आणि धडधाकट हातालाही सुखाची वाटते. दुबळ्यासाठी केलेली सोय सर्वांनाच उपयोगी पडते, हे त्या मुठीने सिद्ध केले.

डोळ्यांवाचून वाचणारी

जपानच्या चिएको असाकावा यांची कथा याहून निराळी आहे. त्यांना दुसऱ्याच्या अडचणीचा वेष घ्यावा लागला नाही. अकरा वर्षांच्या असताना पोहण्याच्या तलावात त्यांच्या डोळ्यास इजा झाली आणि चौदाव्या वर्षापर्यंत त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली. शाळेची पुस्तके भावंडांकडून वाचून घ्यावी लागत. 1985 मध्ये त्या आयबीएम कंपनीच्या जपानमधील संशोधन विभागात रुजू झाल्या. ब्रेल लिपीतील मजकूर संगणकावर तयार करण्याची आणि तो दूरदूरच्या ग्रंथालयांना एकमेकांकडून मिळण्याची सोय करण्याच्या कामात त्यांनी प्रथम लक्ष घातले.

पुढे इंटरनेट आले. डोळस लोकांपुढे ज्ञानाचे मोठे भांडार उघडले, परंतु ते होते पडद्यावर. अंध माणसाने ते कसे वाचावे? असाकावा यांच्या नेतृत्वाखाली 1997 मध्ये 'होम पेज रीडर' नावाची प्रणाली बाजारात आली. ती पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवी. साधा मजकूर पुरुषाच्या आवाजात, आणि जेथून दुसऱ्या पानावर जाता येते ते शब्द स्त्रीच्या आवाजात, अशी तिची योजना होती. ऐकणाऱ्यास कोठे थांबावे आणि कोठे वळावे हे आवाजावरूनच समजे. साऱ्या आज्ञा अंकांच्या लहानशा कळफलकावरून देता येत. जपानी भाषेत जन्मलेली ही प्रणाली पुढे इंग्रजी आणि युरोपातील इतर भाषांतही बोलू लागली.

असाकावा यांना 2009 मध्ये 'आयबीएम फेलो' हा त्या कंपनीतील सर्वोच्च तांत्रिक बहुमान मिळाला. 2021 मध्ये टोकियो येथील 'मिराईकान' या राष्ट्रीय विज्ञान संग्रहालयाची सूत्रे त्यांच्या हाती आली. ज्या व्यक्तीला एकेकाळी पुस्तक दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे, तीच आज विज्ञानाचे दालन सर्वांसाठी कसे खुले ठेवावे हे ठरविते.

आईचे एक उत्तर

आता आपल्या देशाशी संबंध असलेले एक उदाहरण पाहू. अपुऱ्या दिवसांच्या वा कमी वजनाच्या अर्भकाच्या अंगावर चरबी नसते, म्हणून त्याला स्वतःची ऊब राखता येत नाही. रुग्णालयात त्यासाठी काचेची उबदार पेटी असते. परंतु तिची किंमत वीस हजार डॉलरपर्यंत जाते, तिला अखंड वीज लागते आणि ती चालविण्यास शिकलेला माणूस लागतो. 2007 मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जेन चेन आणि त्यांचे सहाध्यायी यांनी या प्रश्नाचा अभ्यास हाती घेतला. पेटी स्वस्त कशी करावी, या प्रश्नापासून त्यांनी आरंभ केला. त्यांच्यापैकी एकजण नेपाळला जाऊन आला, तेव्हा कळले की शहरात पेट्या रिकाम्या पडून आहेत आणि अर्भके मात्र दूरच्या खेड्यांत दगावत आहेत. तेव्हा पेटीचा विचार बाजूस पडला. बाळाला गुंडाळण्याची एक दुपटेवजा पिशवी तयार झाली. तिच्यात मेणासारख्या द्रव्याची एक थैली बसविलेली असते. एकदा तापविली की ती तासन्‌तास सुमारे 37 अंशांची ऊब देत राहते. आईला बाळ जवळही घेता येते.

ही पिशवी घेऊन मंडळी भारतात आली. जेन चेन कंपनीच्या प्रमुख होत्या. एका खेड्यातील आईशी बोलताना एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. विलायती औषधे फार कडक असतात, म्हणून डॉक्टरांनी एक चमचा सांगितले तर आम्ही अर्धाच देतो, असे ती म्हणाली. मग थैली 37 अंशांपर्यंत तापवायला सांगितले तर? बाळाला अपाय नको म्हणून ती 30 अंशांवरच थांबली असती! त्या आईच्या मायेत उणे काहीच नव्हते, तरी तेवढ्यानेच बाळाच्या जिवाला धोका होता. रचनाकारांनी अंक काढून टाकले आणि थैली योग्य तेवढी तापली की नाही, एवढेच दाखविणारी खूण ठेवली. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे बसून जे उमगले नसते, ते एका मातेच्या उत्तराने उमगले.

मापाचा पुरुष

मोटारीच्या सुरक्षिततेची परीक्षा घेताना तिच्यात माणसाच्या आकाराचा पुतळा बसवून ती भिंतीवर आदळवितात. अनेक वर्षे या परीक्षांतील प्रमुख पुतळा सरासरी पुरुषाच्या मापाचा होता. स्त्रीचा म्हणून जो लहान पुतळा वापरला जाई, तो बहुतांशी पुरुषाच्या पुतळ्याचीच छोटी आवृत्ती होती. याचा परिणाम काय? 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनात असे आढळले की, सारख्याच अपघातात, पट्टा बांधलेला असूनही, स्त्री चालकाला गंभीर इजा होण्याचा संभव पुरुषाच्या तुलनेत 47 टक्के अधिक होता. स्वीडनच्या ॲस्ट्रिड लिंडर यांनी सरासरी स्त्रीच्या शरीररचनेवर बेतलेला पुतळा घडविण्याचे काम चिकाटीने चालविले. 162 सेंटिमीटर उंचीचा आणि 62 किलो वजनाचा त्यांचा पुतळा 2022 मध्ये जगापुढे आला.

हाच दोष यंत्राच्या 'डोळ्यांतही' शिरला होता. छायाचित्रातील चेहरा पाहून तो स्त्रीचा की पुरुषाचा हे सांगणाऱ्या संगणकप्रणालींची परीक्षा जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी 2018 मध्ये घेतली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुका फार तर शेकडा 0.8 होत्या, सावळ्या व काळ्या स्त्रियांच्या बाबतीत त्या शेकडा 34.7 पर्यंत गेल्या. हा निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर संबंधित कंपन्यांना आपल्या प्रणाली सुधारणे भाग पडले.

केवळ स्त्री नेमून भागेल काय?

येथे एक शंका मनात येणे स्वाभाविक आहे. अधिकाराच्या खुर्चीवर स्त्री बसली, म्हणजे वस्तू आपोआप सर्वांच्या सोयीची होईल काय? तसे म्हणता येणार नाही. मूर वृद्ध नव्हत्या. त्यांना तीन वर्षे कष्ट सोसावे लागले. जेन चेन यांच्या चमूला त्या खेडवळ आईचे म्हणणे ऐकावे लागले. गुण आहे तो ऐकण्याचा. तथापि ज्यांना स्वतःला कधी ना कधी 'अशा लोकांत' मोजले गेले आहे, त्यांना हे ऐकणे लवकर साधते, असे वरील उदाहरणांवरून दिसते. म्हणून निर्णयाच्या जागी नाना तऱ्हेची माणसे असणे हे औदार्याचे नव्हे, व्यवहाराचे काम आहे.

आपल्या देशापुरते पाहिले तरी हा बाजार लहान नाही. 2011 च्या जनगणनेनुसार भारतात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्ती होत्या, आणि साठी ओलांडलेल्यांची संख्या दहा कोटींच्या वर होती. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमातील कलम 43 अन्वये, सर्वांना वापरता येतील अशा नित्योपयोगी वस्तूंच्या निर्मितीस आणि वितरणास सरकारने उत्तेजन द्यावे, अशी तरतूद आहे. परंतु कायद्याला जोड हवी ती जागरूक ग्राहकाची, आणि घरातील खरेदी जिच्या हाती असते त्या गृहिणीची.

आपण काय करू शकतो? नवी वस्तू घेताना ती घरातील सर्वांत दुबळ्या हाताला द्या, सर्वांत अधू डोळ्यांना दाखवा, आणि मग निर्णय करा. अडचण आली तर दुकानदाराला सांगा. कारखानदाराला पत्र लिहा. "आमच्या आजींना हे उघडत नाही" या एका वाक्यात कारखान्याला उपयोगी पडेल असे पुष्कळ ज्ञान असते. आपल्या मुलींना आणि मुलांनाही यंत्रे, आराखडे आणि हिशेब यांची गोडी लावा. उद्या त्यांच्यापैकी कोणी अशा एखाद्या सभेत बसेल, आणि तेथे कोणी 'अशा लोकांसाठी आपण वस्तू करीत नाही' असे म्हणेल. त्या वेळी 'असे लोक' म्हणजे आपली आजी, आपली आई आणि उद्याचे आपण स्वतः, हे शांतपणे सांगण्याचे धैर्य त्यांच्या अंगी असावे.