चंदगड कुणी हलवलं?

३१ ऑक्टोबर १९५६ च्या रात्री चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यात होता. दुसऱ्या दिवशी तो कोल्हापूर जिल्ह्यात होता. तालुक्यातली ताम्रपर्णी नदी आपल्या वाटेनं वाहत होती, पारगड किल्ला जागच्या जागी होता. पण जिल्ह्याच्या कामासाठी कुठल्या गावाची वाट धरायची, कुणाच्या कचेरीत अर्ज द्यायचा, हे सगळं रातोरात बदललं होतं. आणि ते बदललं एका वाक्यानं.

ते वाक्य राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ मध्ये आहे. मूळ इंग्रजीचा आशय असा की, सदर चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्यात समाविष्ट करण्यात येईल आणि त्या जिल्ह्याचा भाग होईल. त्याच कायद्यात नव्या म्हैसूर राज्याच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकाच्या, मुलखाची यादी आहे. तिथे बेळगाव जिल्ह्याचं नाव येतं, 'चंदगड तालुका वगळून' एवढ्या पुस्तीसह. सीमाभागात आजही धुमसणाऱ्या प्रश्नाची एक कड या तीन शब्दांत आहे. ही कलमं वाचताना मी दरवेळी थबकतो. एवढी मोठी उलथापालथ, आणि वाक्यात कर्ताच नाही! समाविष्ट कोण करणार? वगळलं कुणी? इंग्रजीच्या 'शॅल बी इन्क्लूडेड' या तीन शब्दांनी अख्खा तालुका उचलून दुसरीकडे ठेवला आणि उचलणारा हात कुठेच दिसू दिला नाही.

चंदगडच्या बाबतीत हे चालून गेलं, कारण इथे करणारी संसदच होती. कायद्यानं नेमून दिलेला दिवस उजाडला की काम आपोआप झालं. कुणी वेगळं काही करायचं उरलंच नाही. पण हीच रचना जिथे माणसानं काहीतरी करायचं असतं तिथे येते, तेव्हा तिची खरी करामत कळते.

या रचनेत दोन कामं एकत्र होतात. शॅल, मस्ट, शुड, मे, कॅन ही साहाय्यक क्रियापदं वाक्यावर वजन ठेवतात: हे झालंच पाहिजे, व्हायला हवं, होऊ शकतं. त्यांच्या पुढे 'बी' आणि क्रियापदाचं भूतकालवाचक रूप आलं, की कर्त्याला सुट्टी मिळते. वजन राहतं, ते कुणी ठेवलं आणि कुणी उचलायचं, हे सांगण्याची सक्ती मात्र व्याकरण करत नाही.

आता याच साच्याची ही दोन मराठी वाक्यं शेजारी ठेवा. 'ठेकेदाराला जबाबदार धरण्यात येईल.' 'रस्त्याची दुरुस्ती करण्यात येईल.' साचा एकच आहे, परिणाम अगदी उलटा. पहिल्या वाक्यात ज्याच्यावर भार पडतो तो ठेकेदार ठळकपणे समोर उभा आहे. दडला आहे तो त्याला जबाबदार धरणारा. दुसऱ्यात ज्यानं काम करायचं तोच नाहीसा झालाय आणि समोर आहे तो बिचारा रस्ता. म्हणजे कर्मणी वाक्य जबाबदारी लपवतं, असं सरसकट म्हणता येत नाही. ते कधी जबाबदार माणसाला चव्हाट्यावर आणतं, तर कधी त्याला पडद्याआड नेतं. मला या साऱ्या प्रकारातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच.

आपल्या संविधानात याचा एक थक्क करणारा नमुना आहे. अनुच्छेद १४ म्हणतो की, राज्य कुणालाही कायद्यापुढची समानता नाकारणार नाही. इथे कर्ता स्पष्ट आहे: राज्य. अनुच्छेद २१ मात्र म्हणतो की, कायद्यानं घालून दिलेल्या पद्धतीखेरीज कुणाही व्यक्तीला जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य यांपासून वंचित केलं जाणार नाही. कुणाकडून? लिहिलेलं नाही. मग हा हक्क फक्त सरकारविरुद्ध मागायचा, की दुसऱ्या नागरिकाविरुद्धही? हा प्रश्न पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठासमोर आला. जानेवारी २०२३ मध्ये कौशल किशोर खटल्यात बहुमतानं निकाल दिला, की अनुच्छेद १९ आणि २१ खालचे हक्क राज्याखेरीज इतरांविरुद्धही बजावता येतील. निकालामागे इतर कारणंही होती. पण २१व्या अनुच्छेदात कर्त्याची जागा मोकळी आहे, म्हणूनच तिथे दुसऱ्या कुणाला बसवता येतं. चौदाव्यात ती जागा आधीच भरलेली आहे.

आणि 'शॅल'चं वजन तरी पक्कं असतं का? अनुच्छेद ३२० म्हणतो की, सरकारी नोकरांच्या शिस्तभंगाच्या बाबतीत लोकसेवा आयोगाचा सल्ला घेतला जाईल. इंग्रजीत 'शॅल बी कन्सल्टेड'. उत्तर प्रदेशातल्या एका शासकीय नोकरानं तक्रार केली की, माझ्यावर कारवाई करताना हा सल्ला नीट घेतला गेला नाही. १९५७ मध्ये मनबोधनलाल श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की, इथलं 'शॅल' बंधनकारक नाही. सल्ला राहून गेला म्हणून कारवाई रद्द ठरत नाही. इंग्रजी न्यायालयांनी कधी साध्या 'मे'मध्येही कर्तव्य वाचलं आहे. या घोळाला कंटाळून अमेरिकेनं २००७ साली आपल्या संघीय दिवाणी प्रक्रियेच्या नियमांची भाषा नव्यानं लिहिली, तेव्हा त्यातून 'शॅल' काढूनच टाकलं.

आता आपल्या भाषेकडे येऊ. 'तलाठ्याने उतारा द्यावा. नक्कल द्यावी. उत्तर द्यावे.' हा आपला विध्यर्थ. क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलतंय, म्हणजे प्रयोग कर्मणीच. कर्तव्याचं वजनही आहे. तरीही तलाठी वाक्यातून गेलेला नाही. 'ने' लावून उंबऱ्यापाशी का होईना, पण उभा आहे. शक्यतेचंही तसंच. पारगडाच्या पायऱ्यांकडे बघून आजी म्हणते, 'मला आता या पायऱ्या चढवत नाहीत.' इंग्रजीला ज्यासाठी 'कॅन', 'बी' आणि तिसरं क्रियापद लागतं, ते मराठी 'चढवत' या एका रूपात बसवते. व्याकरणात याला शक्य कर्मणी म्हणतात. इथेही 'मला' आहेच. दोन्ही रचना कर्मणी, दोन्हींत माणूस हजर. मराठीच्या या घडणीचं मला फार अप्रूप वाटतं. कर्ता गाळता येतो, नाही असं नाही. 'येथे थुंकू नये' ही पाटी कुणाचं नाव घेत नाही. पण तिथे सांगणं सगळ्यांनाच असतं.

पारगडाचीच गोष्ट घ्या. शिवाजी महाराजांनी तान्हाजींचे पुत्र रायबा यांना पारगडाचं किल्लेदार केलं आणि गड राखायची आज्ञा दिली, असं परंपरा सांगते. आज्ञा कुणाला, याबद्दल गडावर कधी शंका नव्हती. आणि वस्ती आजही तिथे टिकून आहे.

याउलट कचेरीची मराठी. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर राज्यकारभार मराठीत आला, इंग्रजी मसुद्यांची मराठी रूपं होऊ लागली, आणि त्या कामी 'करण्यात येईल', 'करण्यात यावे' ही रचना फार उपयोगी पडली. 'उतारा देण्यात यावा' म्हटलं की तलाठ्याची जागाच उरत नाही. कारणे दाखवा नोटिशीची शेवटची ओळ बघा. ती साधारण अशी असते: 'मुदतीत खुलासा प्राप्त न झाल्यास आपले काही म्हणणे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल व होणाऱ्या परिणामांची सर्वस्वी जबाबदारी आपली राहील.' खुलासा कुणाला प्राप्त व्हायचा? गृहीत कोण धरणार? कार्यवाही कोण करणार? एकाचंही उत्तर वाक्यात नाही. नोटीस घेणारा मात्र दोनदा आहे: 'आपले' म्हणणे, 'आपली' जबाबदारी. आणि जबाबदारीपाशी येताच 'करण्यात येईल' सुटतं, तिथे ठाम 'राहील' येतं.

यामागे वाजवी कारणही आहे, ते नाकारू नये. सरकारी आदेश एका माणसाचा नसतो. साहेब बदलून जातात, आदेश मागे राहतो. पदानं बोलायचं तर व्यक्ती मागे सरकणारच. अडचण होते ती पदही मागे सरकतं तेव्हा. दाखल्यासाठी आलेल्या माणसाला 'देण्यात येईल' एवढंच कळतं, आणि विचारायचं कुणाला ते कळत नाही.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक कार्यालयानं आपल्या सेवांची यादी फलकावर लावायची, असं हा कायदा सांगतो. सेवा कोणती, ती किती दिवसांत मिळणार आणि पदनिर्देशित अधिकारी कोण, हे त्या फलकावर असतं. 'दाखला देण्यात येईल' या वाक्याला न लागणारी माहिती तिथे एका रकान्यात येऊन बसते. दाखला वेळेत मिळाला नाही तर अपील कुणाकडे करायचं, तेही तिथेच लिहिलेलं असतं. पुरेशा कारणाशिवाय सेवा दिली नाही किंवा उशीर केला असं अपिलात ठरलं, तर दंड त्याच रकान्यातल्या अधिकाऱ्याला होतो: कमीत कमी ५०० रुपये, जास्तीत जास्त ५,०००.