गणवेश आला, शिट्टी कोण वाजवणार?

वाचकहो, शनिवारची सकाळची शाळा सुटायच्या सुमारास तुम्ही कधी गावच्या शाळेकडे फिरकलात का? मैदानाच्या कडेला, लिंबाच्या सावलीत पंचवीस-तीस पोरे घोड्याच्या नालेसारख्या अर्धगोलात उभी असतात. गळ्यात स्कार्फ, हातात काठी. समोर एक गुरुजी, तोंडात शिट्टी. गावाला वाटते, कवायत चालली आहे. कवायत नव्हे ती. तिथे एक वेगळीच भाषा चाललेली असते.

एक लांब शिट्टी झाली की जागच्या जागी गप्प. भराभर बारीक शिट्ट्या झाल्या की धावत गोळा व्हायचे. सावकाश, लांब लांब शिट्ट्या म्हणजे पांगा. तीन बारीक आणि एक लांब म्हणजे फक्त टोळीनायकांनी यायचे, बाकीच्यांनी आपले काम सोडायचे नाही. लहान-मोठी, लहान-मोठी अशी आलटून पालटून वाजली की समजायचे, धोका आहे. बांधावरून हे बघत बसलेले एक आजोबा म्हणाले, "मास्तर, ही शिट्टी एक दिस ग्रामसभेला द्या की!"

तर हे मास्तर म्हणजे स्काऊट मास्तर. मुलींच्या पथकाला बाई असतात, त्यांना गाइड कॅप्टन म्हणतात. कुणी गणित शिकवतो, कुणी हिंदी, कुणी चौथीच्या वर्गाचा मास्तर असतो आणि कब-बुलबुलांना सांभाळतो. या कामाचा वेगळा पगार नाही. हौस म्हणा, सेवा म्हणा, नाहीतर मुख्याध्यापकांनी "तुम्ही तरुण आहात, तुम्हीच घ्या" म्हणून गळ्यात मारलेले काम म्हणा. सुरुवात बहुतेकांची तिसऱ्या प्रकारानेच होते. नंतर काहींना त्याचे वेड लागते, आणि असे वेड लागलेल्यांच्या जिवावरच हा सगळा खटाटोप आपल्या खेड्यांत टिकून आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो कुठेही वाचायला मिळतो. बेडन पॉवेल नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने 1907 मध्ये ब्राउनसी बेटावर वीस मुलांचे शिबिर घेतले, तिथून हे सुरू झाले. 1909 मध्ये ते हिंदुस्थानात आले, पण आधी गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतेच. आपल्या मुलांना दार बंद. मग आपल्या माणसांनी आपली पथके काढली. पंडित मदन मोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी 1918 मध्ये अलाहाबादेत सेवा समितीचे स्काऊट उभे केले. स्वातंत्र्यानंतर, 7 नोव्हेंबर 1950 रोजी वेगवेगळ्या संघटना एक होऊन भारत स्काऊट्स आणि गाइड्स झाली. त्या दिवशी तुमचा नातू झेंड्याचे इवलेसे तिकीट घेऊन दारात येतो ना, तो ध्वजदिन हाच.

मास्तर व्हायलाही शिकावे लागते बरे का. पहिला बेसिक कोर्स, सात दिवसांचा, शिबिरात राहून. पंचेचाळिशीतला, पोट सुटलेला गृहस्थ तिथे टोळीत दाखल होतो, स्वतःची भांडी घासतो, पहाटे प्रार्थनेला उभा राहतो आणि वयाने निम्म्या असलेल्या टोळीनायकाचा हुकूम ऐकतो. मग अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स. त्याच्याही पुढे हिमालय वुड बॅज. मध्य प्रदेशात पचमढीला राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे, तिथली लाल माती पायाला लागलेला मास्तर आपल्या तालुक्यात मानाने ओळखला जातो. वुड बॅज म्हणजे गळ्यात चामड्याची वादी आणि तिला ओवलेले दोन लाकडी मणी. ही रीत 1919 मध्ये इंग्लंडात गिलवेल पार्कला सुरू झाली. पहिले मणी आफ्रिकेतल्या झुलू राजाच्या माळेतले होते असे सांगतात. एका मास्तरांची बायको हे मणी बघून म्हणाली होती, "पंधरा वर्सं उन्हातान्हात फिरून दोनच मणी व्हय? वारीला गेला असता तर तुळशीची अख्खी माळ झाली असती!"

आता गाठींचे बघा. अभ्यासक्रमात रीफ नॉट, शीट बेंड, क्लोव्ह हिच, बोलाइन अशी इंग्रजी नावे येतात आणि पोरे घाबरतात. पण गुरुजींनी फळ्यावर क्लोव्ह हिच काढली की मागच्या रांगेतले मेंढपाळाचे पोर हमखास बोलणार, "गुरुजी, ही तर खुटीला कोकरू बांधायची." निरगाठ, सुरगाठ, सरकफास ही तर आपल्या घरचीच मुले-बाळे. दावे, कासरा, शिंके ज्याच्या हाताखालून गेले त्याला दोरी शिकवावी लागत नाही, फक्त तिला नाव द्यावे लागते. शहाणा मास्तर अशा वेळी बाजूला होतो आणि त्या पोरालाच पुढे बोलावतो. वर्गात जे पोर कधी हात वर करत नाही ते त्या दिवशी अख्ख्या पथकाला शिकवते. हा अनुभव ज्या मास्तराने घेतला तो पुढे बदली झाली तरी शिट्टी सोडत नाही.

बोलाइनची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. आम्ही शाळेत असताना आमच्या वस्तीवरच्या विहिरीत एक पोरगा पडला. पाण्यातला मोटरीचा पाइप धरून तो तरंगत होता. काठावर पंधरा माणसे जमली, नाडाही होता. पण गाठ कशी मारायची? कुणी सरकफास टाकला. पोराने तो काखेत घातला, वरून ओढायला लागले तसा तो आवळत गेला आणि पोर ओरडू लागले. शेवटी घरातली बाज आणून चारी कोपऱ्यांना दोर बांधून खाली सोडली आणि त्यावर बसवून त्याला वर काढला. वाचला. सोमवारी आमचे सर गणिताच्या तासाला दोर घेऊन आले. पुस्तक उघडलेच नाही. बोलाइनचा फास ओढला तरी आवळत नाही, आहे तेवढाच राहतो. ती गाठ स्वतःच्या कमरेभोवती एका हाताने मारता आली पाहिजे, कारण पाण्यातल्या माणसाचा दुसरा हात काहीतरी धरून असतो. डोळे मिटून, एका हाताने, प्रत्येकाने मारून दाखवली तेव्हाच तास सुटला. आणि एक बजावले: बुडणाऱ्याला बघून आधी उडी टाकायची नाही. आधी काठी पुढे करा, मग दोर फेका. उडी सगळ्यात शेवटी, आणि तीही ज्याला शिकवलेले आहे त्यानेच.

आपल्याकडे विहिरी आहेत, शेततळी आहेत, त्यांच्या कडेचा प्लास्टिकचा कागद गुळगुळीत असतो. तेव्हा ही गाठ शोभेची नाही, हे मी सांगायला नको.

पथकाच्या वर्षाला आपली एक चाल आहे. शाळा उघडली की नोंदणी. सहा ते आठ मुलांची एक टोळी, चार टोळ्या झाल्या की बत्तीस. नोव्हेंबरात ध्वजदिन, मग खरी कमाई. खरी कमाईत पोरांनी कष्ट करून चार पैसे मिळवायचे, पण हल्ली भेळ-वडापावचे स्टॉल लागतात. वडे आई पहाटे उठून तळते, भेळेचा चिवडा मामाच्या दुकानातून येतो, पोर फक्त गल्ला सांभाळते. मग कमाई नक्की कुणाची, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमच्या एका मास्तरांनी यावर तोड काढली: शेजाऱ्याचे भुईमूग फोडून द्या, गोठा झाडून द्या, आणि तो देईल ते घ्या. पोरांनी आठ दिवसांत फार काही मिळवले नाही, पण मिळालेल्या प्रत्येक नाण्याची गोष्ट त्यांच्याकडे होती.

आणि मग शिबिर. थंडीत, डिसेंबर-जानेवारीत. देवळाचे पटांगण, नाहीतर कापणी झालेले रान. तंबू ठोकायचे, भोवती चर खणायचा, संडासासाठी आडोसा आणि खड्डा करायचा. बांबूला सुतळीने बांधून चपलांचे, ताटांचे रॅक उभे करायचे, खिळा एकही वापरायचा नाही. बिनभांड्याच्या स्वयंपाकाची परीक्षा असते, तिथे तालुक्याच्या गावची पोरे बटाटे भाजत बसतात आणि खेड्यातली पोरे पळसाच्या पानात कणीक गुंडाळून गोवऱ्यांत पानगे टाकतात, निखाऱ्यावर वांगे भाजून भरीत करतात. परीक्षक शेवटी कुठल्या टोळीत जेवायला बसतो, ते वेगळे सांगायला नको. रात्री शेकोटी. भारूड, पोवाडा, सोंग, आणि दाद द्यायला ठेक्यात वाजवायच्या स्काऊट टाळ्या.

शेकोटी विझली की मुलांची रात्र संपते आणि मास्तरांची सुरू होते. हे पालकांना दिसत नाही. पहिल्या रात्री एखादे पोर रडतेच. एखाद्याचे अंथरूण ओले होते, ते कुणाला कळू न देता पहाटे दोरीवर टाकायचे असते. मास्तर दहाला डोकी मोजतात, दोनला मोजतात, पाचला मोजतात. बॅटरी घेऊन तंबूच्या कडेने साप-विंचू बघतात. जवळचे आरोग्य केंद्र किती लांब, तिथे रात्री कोण असते, गाडी कुणाची मिळेल, हे आधी विचारून ठेवलेले असते. बत्तीस घरांनी बत्तीस पोरे एका माणसाच्या भरवशावर दिलेली असतात. संमतीपत्रावर सही असते, पण उद्या काही झाले तर त्या कागदाला कोण विचारतो? "मास्तरला कुणी सांगितलं होतं नेयाला?" हे वाक्य प्रत्येक मास्तराने मनात ऐकलेले असते.

बाईंचे तर दुहेरी. मुलगी रात्री बाहेर राहणार म्हटले की घरोघरी जाऊन आईला, आजीला, चुलत्याला पटवावे लागते. बऱ्याचदा चुलता शेवटपर्यंत पटत नाही. स्वतःचे चार वर्षांचे लेकरू बरोबर घेऊन शिबिराला आलेल्या गाइड कॅप्टन मी पाहिल्या आहेत. ते लेकरू दिवसभर मोठ्या मुलींच्या कडेवर. आणि एवढे करून घरी गेल्यावर, "झाली का सहल?"

आता मूळ मुद्द्यावर येतो. 2024-25 या शैक्षणिक वर्षात राज्य सरकारने सरकारी शाळांतल्या मुलांना जे दोन मोफत गणवेश द्यायचे ठरवले, त्यातला एक स्काऊट-गाइडचा होता. कल्पना चांगलीच. कारण पूर्वी गरिबाच्या पोराला एकच शर्ट चार भावंडांत फिरवावा लागे, आणि कित्येक मास्तरांनी पदरमोड करून स्कार्फ आणले आहेत. पण त्या वर्षी कापड कधी येणार, शिवणार कोण, माप कसे, यावरच शाळांचे बरेच महिने गेले. आणि पोरांच्या अंगात शर्ट चढला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली: पोरे स्काऊटच्या वेशात, पण शिट्टी वाजवणारा कोणी नाही.

आधीच्या पिढीतले मास्तर निवृत्त झाले. दोन शिक्षकी शाळेत एकाने स्काऊट घ्यायचे तर दुसऱ्याने चार वर्ग सांभाळायचे. माहिती भरा, फोटो पाठवा, प्रशिक्षणाला जा, निवडणुकीचे काम करा, यातून शनिवारचा तास उरतो कुठे? मग काही ठिकाणी कागदावर पथक असते. ध्वजदिनाचे पैसे जातात, नोंदणी होते, मैदानात रांग करून एक फोटो काढला की ग्रुपवर शिबिर साजरे. मी त्या शिक्षकांना एकट्यांना दोष देणार नाही. पालकच विचारतात, "याचे मार्क किती?" पण ज्या पोराने गाठ कधी मारलीच नाही त्याच्या लॉगबुकात ती मारल्याची सही असणे, हे मला विहिरीच्या काठावर उभे राहून आठवते आणि बरे वाटत नाही.

एक गोष्ट मात्र अनेकांना ठाऊक नसते. स्काऊट मास्तर शिक्षकच असला पाहिजे असे नाही. शाळेबाहेरची मुक्त पथकेही काढता येतात, आणि आवड असलेला कोणीही प्रौढ माणूस प्रशिक्षण घेऊन हे काम करू शकतो. जिल्ह्याच्या स्काऊट-गाइड कार्यालयात चौकशी केली तर पुढचा बेसिक कोर्स कधी ते कळते. आपल्या गावागावांत निवृत्त फौजी आहेत. स्वतः कधीकाळी राज्य पुरस्कार घेतलेले, आता दुकान किंवा शेती बघणारे लोक आहेत. मुलींच्या शिबिराला रात्री सोबत राहू शकणाऱ्या अंगणवाडीताई, बचत गटातल्या बाया आहेत. मास्तर व्हायचे नसेल तरी एक रात्र डोकी मोजायला जा. त्या बिचाऱ्याला दोन ते पाच झोप मिळेल.

तुमच्या शाळेत पथक कागदावर आहे की मैदानात, हे कळायला फार काही करावे लागत नाही. येत्या शनिवारी सुटायच्या आधी अर्धा तास जा आणि एखाद्या पोराला म्हणा, बाळ, जरा बोलाइन मारून दाखव. दोर मात्र घरूनच न्या, शाळेतला बहुधा झेंड्याला लावलेला असतो.