दुखत नाही ती गाठ आधी दाखवा

"दुखत नाही, मग दाखवायचं कशाला?" कोल्हापूर शहरात असो की गडहिंग्लज-चंदगडकडे, स्तनातली गाठ याच एका वाक्यावर कितीतरी बायका महिनोन्‌महिने अंगावर काढतात. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. पाळीआधी दोन्ही बाजूंना ठणकतं, त्यामागे सहसा हार्मोन्स असतात. उलट टणक, न दुखणारी गाठ, आत ओढलं गेलेलं स्तनाग्र, त्यातून येणारं रक्ताळ पाणी, काखेतली गाठ यांतलं काहीही दिसलं तर थांबू नये. बहुतेक गाठी साध्याच निघतात. पण ती साधी आहे हे घरी बसून ठरवता येत नाही.

"आमच्या घराण्यात कुणाला नाही," हाही दिलासा पोकळच. थेट आनुवंशिक दोषातून होणारे स्तनाचे कर्करोग शंभरात पाच ते दहा. पुरुषांनाही तो होतो, क्वचित.

माझ्या मते सगळ्यांत घातक समज सुईचा. "सुई लावली की पसरतो." होतं असं की, गाठ उशिरा दाखवली जाते, सुईच्या तपासणीत, म्हणजे बायोप्सीत, कर्करोग निघतो, तोवर तो आधीच पसरलेला असतो आणि दोष सुईच्या माथी बसतो. बायोप्सीने रोग पसरत नाही. शिवाय कर्करोग हार्मोनवर पोसणारा आहे की नाही, कोणतं औषध लागू पडेल, हे तिच्याशिवाय कळणार कसं?

मॅमोग्राफीबद्दल दोन टोकं आहेत. तिच्या क्ष-किरणांनीच कर्करोग होतो म्हणून काही जणी घाबरतात. ती मात्रा निसर्गातून सुमारे सात आठवड्यांत आपल्याला मिळते तेवढीच. दुसऱ्या टोकाला, मशीन नसेल तर तपासणी कसली, असं वाटतं. याचं उत्तर मुंबईत मिळालं. टाटा मेमोरियलने 1998 पासून वस्त्यांमधल्या 35 ते 64 वयाच्या दीड लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या गटाचे स्तन दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले. चार फेऱ्या झाल्या. 2021 साली निष्कर्ष छापून आले: तपासलेल्या गटात रोग लवकरच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशीपुढच्या बायकांचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र असा ठळक फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

हात मात्र प्रशिक्षित आरोग्यसेविकेचा हवा. शांघायच्या गिरणी कामगार बायकांना स्वतःचे स्तन तपासायला शिकवून पाहिलं, अडीच लाखांवर बायकांचा तो अभ्यास. मृत्यू घटले नाहीत. म्हणून स्वतः लक्ष ठेवणं सोडू नका, पण "मी बघते की घरी" यावर भागवू नका.

सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर दर पाच वर्षांनी स्तनतपासणी आहे. आशाताई त्यासाठीचा फॉर्म भरायला आल्या तर "मला काही नाही" म्हणून परतवू नका. तपासायला बाई हवी असेल तर तसं स्पष्ट सांगा. आणि गाठ हाताला लागली असेल तर फेरीची वाट न बघता प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरळ कोल्हापूरच्या थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआर रुग्णालयात, या आठवड्यातच जा.