गाळपेरीवरचे पाहुणे

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातल्या कडा या गावाला ते नाव का पडले, हा भाग अलाहिदा. पण तलावाची गोष्ट सांगायला याहून चपखल नावाचे गाव शोधून सापडणार नाही. कारण तलावातली बहुतेक जीवसृष्टी कडेलाच राहते. मधले खोल पाणी दिसायला भव्य. खाणे, लपणे, घरटे करणे हे सगळे काठावर.

पर्जन्यछायेतल्या या पट्ट्यात तलाव भरलेच तर गणपती-दसऱ्याच्या सुमारास भरतात आणि दिवाळीनंतर उतरू लागतात. पाणी मागे सरकते तशी ओली काळी जमीन उघडी पडते. तिच्यात शेतकरी हरभरा, ज्वारी टाकतात. ही गाळपेर. दुष्काळात याच जमिनीवर जनावरांसाठी चारा पिकवतात. माणसाला पाणी गेल्याचे दुःख आणि गाळ मिळाल्याचे समाधान एकाच वेळी होते, ते इथे.

पक्ष्यांना मात्र निव्वळ समाधान. उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचते, गाळ ऊबदार राहतो, त्यात अळ्या, गोगलगायी, किडे मुबलक होतात. मग पंगत बसते, तीही उंचीप्रमाणे. चिखल्या नुसत्या ओलसर चिखलावर तुरुतुरु पळत टिपतो. तुतारी घोटाभर पाण्यात चोच खुपसते. काडीसारख्या लाल पायांचा शेकाट्या आणखी पुढे जातो, तर लांब पायांचा रोहित त्याच्याही पुढे चोच उलटी धरून पाणी गाळत बसतो. वीतभर पाण्याच्या फरकाने ताट बदलते. हळदी-कुंकू बदके आणि थापट्या उथळ पाण्यावर तरंगतात. मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब तर सरळ गाळपेरीच्या हिरव्या पिकावरच ताव मारतात.

म्हणून धरण तुडुंब भरले की पक्षीही भरपूर येतील, हा समज खोटा. उजनी जलाशयात भिगवणजवळ रोहित बघायला पुण्याहून झुंडीने लोक जातात. ज्या वर्षी पाणी लवकर उतरत नाही, त्या वर्षी उथळ जागाच उरत नाहीत आणि रोहित कमी दिसतात. याच्या उलट टोकाचे उदाहरण नांदूर मधमेश्वरचे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा बांधला, तो गाळाने भरत गेला, बेटे तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. अभियंत्याच्या हिशेबात हे नुकसानच. पण १९८६ मध्ये तिथे पक्षी अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याचे नाव जाहीर झाले. ज्या गाळाला आपण नावे ठेवतो, त्याच्यावर उभे राहिलेले हे आंतरराष्ट्रीय कौतुक.

अडचण अशी, की माणसालाही काठच हवा असतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ते आष्टी रेल्वे धावू लागली आणि वाटेतले कडा स्थानक वेळापत्रकात आले. १७ सप्टेंबर २०२५ रोजी तीच वाट बीडपर्यंत पोचली. तिकडे अहिल्यानगर शहर हातपाय पसरते आहे. शहर वाढले की रविवारची गर्दी आसपासच्या पाण्याकडे वळणार, यात वावगे काही नाही. लेकरांना घेऊन पाण्याकाठी बसावे, भेळ खावी, सूर्य मावळताना बघावा, एवढी साधी चैन दुष्काळी भागातल्या माणसाने का करू नये? प्रश्न सुशोभीकरणाच्या ठरीव आराखड्याचा आहे. काठाला दगडी पिचिंग, त्यावर पेव्हर ब्लॉक, रोषणाई आणि ‘आय लव्ह’ अशी चार हात उंच लाल-पांढरी अक्षरे. पिचिंग झाले की उतार जातो, उतार गेला की चिखल जातो, आणि चिखलाबरोबर वर सांगितलेली अख्खी पंगत उठते. उरते पाणी आणि फार तर पाणकावळे.

पैठणला माणसे आणि पक्षी यांच्यातली विभागणी सहज जमून गेली आहे. म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर केलेले संत ज्ञानेश्वर उद्यान जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी, भिंतीच्या खालच्या बाजूला आहे. नाथसागराचा विस्तीर्ण, उथळ जलाशय भिंतीच्या वर. तो १९८६ पासून पक्षी अभयारण्य. गर्दी एका अंगाला, पक्षी दुसऱ्या अंगाला, मध्ये धरणाची भिंत. छोट्या तलावाला अशी भिंत कुठून आणायची? तिथे भिंतीचे काम अंतराकडून करून घ्यावे लागते.

हे अंतर मोजता येते. अभ्यासक पक्ष्याच्या दिशेने संथ चालत जातो. पक्षी चरणे थांबवून मान वर करतो, ती पहिली खूण. तो उडतो, तेव्हा माणूस आणि पक्षी यांच्यात जेवढी जमीन असते, ते त्याचे उड्डाण-अंतर. ढोबळमानाने, जितका पक्षी मोठा तितका तो लांबूनच उडतो. म्हणून धोबी पायाशी येऊन शेपटी हलवतो आणि करकोचा माणूस ठिपक्याएवढा असतानाच निघून जातो. थेट अंगावर चालून येणाऱ्याला पक्षी जास्त घाबरतात, बाजूने तिरपे जाणाऱ्याला कमी. सोबत कुत्रा असला की सगळे हिशेब बिघडतात. सिडनीजवळच्या जंगलवाटांवर केलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. साखळीला बांधलेले कुत्रे फिरवल्यावरही पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि एकूण संख्या ४१ टक्क्यांनी घटली. नुसत्या माणसांमुळे झालेला त्रास याच्या निम्म्याहूनही कमी होता. तो अभ्यास जंगलातला होता, तलावाचा नव्हे. पण लपायला झाड नसलेल्या उघड्या काठावर कुत्र्याची भीती कमी असेल, असे मानायला काही आधार नाही.

एकदा उडाला तर काय बिघडते, असे वाटते खरे. एकदाचे काही नाही. मात्र लांबचा पल्ला गाठायचा असलेल्या पाहुण्याला परतण्याआधी अंगात चरबी साठवायची असते. दर अर्ध्या तासाने उठवले तर खाण्याचा वेळ जातो आणि खाल्लेलेही उडण्यात खर्ची पडते.

पाहुणे गेल्यावर उन्हाळ्यात इथल्या टिटवीची पाळी येते. टिटवीने अंडी उंचावर घातली की पाऊस जोरात, हा अंदाज गावोगावी बांधला जातो. तो खरा ठरो न ठरो, अंडी घालण्याची जागा मात्र पाहण्यासारखी असते. घरटे म्हणजे मुरमात केलेला उथळ खळगा, त्यात बहुधा चार अंडी, टोके आत वळलेली, रंग हुबेहूब खड्यांचा. मे महिन्यातल्या दुपारी तापलेल्या मुरमावर ती अंडी उबवायची नसतात, थंड ठेवायची असतात. टिटवी अंड्यांवर सावली धरून उभी राहते. मधूनच पाण्याकडे जाते, पोटाची पिसे भिजवते आणि परत येऊन ओल्या पोटाने अंड्यांवर बसते. नर-मादी आळीपाळीने महिनाभर हे करतात. त्याच खळग्यापासून वीस पावलांवर कुणी सतरंजी टाकली, तर टिटवी परत येत नाही. ती ओरडत घिरट्या घालते आणि अंडी उन्हात पडून राहतात. सतरंजीवरची माणसे म्हणतात, काय कटकट्या पक्षी आहे!

कायद्याचा आधार इथे तोकडा आहे. २०१७ च्या पाणथळ नियमांनी मानवनिर्मित सिंचन तलाव आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव व्याख्येतूनच वगळले. पवईच्या तलावाकाठी मुंबई महापालिकेने सुरू केलेला सायकल ट्रॅक मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला. उलट नागपूरचा फुटाळा तलाव पाणथळ नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. असे तलावही जनतेच्या वतीने सरकारने सांभाळायची ठेव आहेत, हेही त्याच निकालात आले. कड्यासारख्या गावाजवळच्या सिंचन तलावासाठी त्यामुळे नियमांपेक्षा ग्रामपंचायत आणि पाटबंधारे खात्याचा शहाणपणा महत्त्वाचा. बसायची जागा भिंतीकडे ठेवावी, गाळपेरीची बाजू मोकळी सोडावी, एवढ्याला फार पैसा लागत नाही.

तोवर तलावावर जाणाऱ्यांनी करायचे ते असे. कुत्रा घरी ठेवा. पाण्याच्या दिशेने सरळ न जाता काठाला धरून चाला. पक्ष्यांनी माना वर केल्या की थांबा. आणि उन्हाळ्यात टिटवी डोक्यावर ओरडू लागली, तर अंडी शोधत बसू नका. आल्या पावली मागे फिरा. ती गप्प होऊन खाली उतरली, की तुम्ही पुरेसे लांब गेलात.