सूक्ष्म यंत्रांगांची लेसर-घडण : एका क्रियापदाचा विचार

लेसरच्या साहाय्याने सूक्ष्म यंत्रांगे घडविण्याच्या क्रियेस 'कोरणे' म्हणण्याचा मोह सहज होतो. पत्रा कापताना किंवा छिद्र पाडताना ते क्रियापद यथार्थही ठरते. कारण तेथे द्रव्य वितळून अथवा बाष्परूप होऊन निघून जाते. परंतु केसाच्या जाडीहूनही लहान अशी फिरती अंगे ज्या पद्धतीने घडविता येतात, तिच्यात लेसर द्रव्य काढून टाकीत नाही. ते जागच्या जागी घट्ट करतो. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. या पद्धतीचे सारे सामर्थ्य त्यातच आहे.

पद्धतीचे तत्त्व असे. एकाच रेणूने दोन फोटॉन एकसमयावच्छेदेकरून शोषून घेणे शक्य आहे, असे मारिया गोपर्ट-मायर यांनी 1931 साली सिद्धान्तरूपाने दाखविले. त्यासाठी लागणारा तीव्र प्रकाश 1960 साली लेसर अवतरल्यावरच लाभला आणि 1961 मध्ये प्रायोगिक प्रचीती आली. अशा शोषणाचे प्रमाण तीव्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात असते; म्हणजे तीव्रता निम्मी झाली की शोषण चतुर्थांश होते. म्हणून प्रकाशसंवेदी द्रवरूप राळेतून किरण विनापरिणाम आत जातो आणि केवळ नाभीपाशी राळ घट्ट होते. नाभी फिरवावी तशी वस्तू आतल्या आत आकार घेते. जपानमध्ये 1997 साली मारुओ, नाकामुरा व कावाता यांनी या मार्गाने त्रिमितीय रचना घडविल्या. 2001 साली कावाता यांच्या गटाने सुमारे 10 मायक्रोमीटर लांबीचा बैल घडविला. तेथे साधलेली सूक्ष्मता 120 नॅनोमीटर होती.

बेअरिंगच्या दृष्टीने याचे महत्त्व विशेष आहे. नेहमीच्या यंत्रशाळेत आस व कडे निरनिराळे घडवून मग जुळवितात. या मापावर तशी जुळणी अत्यंत दुष्कर होय. येथे मात्र आस आणि त्याभोवतीचे कडे, मधली फट राखून, एकाच वेळी घडतात. फटीतील द्रव राळ धुऊन काढली की कडे फिरावयास मोकळे होते. वस्तू जुळलेलीच जन्मास येते. मारुओ व इकुता यांनी 2003 साली वर्णिलेली, प्रकाशाने हालविता येणारी सूक्ष्म यंत्रे अशाच एकसंध घडणीची होती.

तथापि अडचणही याच मापातून उद्भवते. लांबी दशांश केली असता वजन सहस्रांश होते, पृष्ठभाग मात्र शतांशच. त्यामुळे चिकटण्याच्या शक्ती वजनाच्या मानाने दसपट प्रबळ ठरतात. धुण्याचा द्रव सुकताना पृष्ठताणाने कडे आसास चिकटू शकते. म्हणूनच द्रव व वायू यांतील सीमाच उरू न देणारी शुष्कीकरणाची पद्धत काही वेळा योजावी लागते.

आता क्रियापदाकडे वळू. 'थिजविणे' जवळचे खरे. परंतु थिजलेले तूप पुन्हा वितळते, ही राळ वितळत नाही. शास्त्रीय लेखनात 'दृढीकरण' व व्यवहारात 'घट्ट करणे' हेच इष्ट. 'कोरणे' म्हटले की विद्यार्थ्याच्या मनात छिन्नी उभी राहते, आणि जुळणीवाचून बेअरिंग कसे घडले, हे त्यास कधीच उमगत नाही.