मोटारदुरुस्ती व मनःस्वास्थ्य

अपयशानें किंवा अपमानानें व्यग्र झालेल्या मनास नदीकांठीं फिरावयास न्यावें, असें सांगण्याचा प्रघात आहे. तीच स्वस्थता मोटारीच्या बॉनेटखालीं, तेलकट हातांनींहि लाभते, असें आम्हीं म्हटलें तर पुष्कळांस हंसूं येईल. तथापि स्वतःची गाडी स्वतः दुरुस्त करणारांस हा अनुभव नवा नाहीं.

उदाहरणादाखल पद्मिनी गाडी घेऊं. फियाटच्या ११०० डी ह्या नमुन्याची ही गाडी मुंबईंत कुर्ला येथें १९६४ पासून तयार होऊं लागली व १९७४ मध्यें तिला पद्मिनी हें नांव मिळालें. मुंबईच्या टॅक्सींतून ती २०२३ सालीं निवृत्त झाली. हौशी लोकांनीं मात्र ती अद्यापि जपून ठेविली आहे. तिच्यांत संगणक नसल्यामुळें सर्व कारभार डोळ्यांस दिसतो.

समजा, गाडी आचके देत आहे. इंजिन गार झाल्यावर प्लग काढून पहावा. टोंक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक. कोरडी काजळी असेल तर बहुधा पेट्रोल जास्त व हवा कमी. मग ठिणगी वेळेवर पाडणारे पॉइंट तपासावे. इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असतां ते सेकंदास १०० वेळां उघडतात. आणि त्यांतील फट अर्ध्या मिलिमीटरहूनहि कमी! ती फीलर गेजच्या पातळ पात्यानें मोजतांना श्वासहि आपोआप मंद होतो.

चिंता एकाच वेळीं दहा ठिकाणीं धांवते. यंत्रापुढें तिचें कांहीं चालत नाहीं. प्लग व कार्बोरेटरचा स्क्रू दोन्ही एकदम बदलले, तर दोष कोठें होता हें कळतच नाहीं. म्हणून एक बदल करावा, इंजिन चालवून ऐकावें, मग पुढें जावें. रागाचीहि तीच गत. प्लग तिरपा बसवून पाना जोरानें फिरविला, कीं अॅल्युमिनियमचे आटे गेलेच! तो आधीं बोटांनींच फिरवावा. फारच चिडचिड झाली तर पाने पुसून ठेवावे व उद्यां यावें. यंत्र रुसत नाहीं. दुःख ह्यानें नाहींसें होतें असें आमचें म्हणणें नाहीं. दोन तास तें बाजूस बसतें, आणि खचलेल्या माणसास तेवढेंहि थोडें नव्हे.

नव्या गाड्यांत पेट्रोल व ठिणगी संगणक सांभाळतो, ह्याची आम्हांस खंत वाटते. तरी तेल बदलणें, एअर फिल्टर पाहणें हीं कामें अद्यापि बहुतेक गाड्यांत घरीं होतात. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखालीं मात्र कधींहि शिरूं नये. भक्कम स्टँड द्यावे व चाकांस अटकाव लावावा. जुनें तेल गटारांत न ओततां डब्यांत भरून गॅरेजवाल्याकडे द्यावें.